चौदा जणांचं तिकीट

पत्राचा गोषवारा : कळव्यात राहणारे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले ४४ वर्षांचे गृहस्थ लिहितात. खात्यातले, हे धरून, चौदा जण तीन वर्षांपासून मिळून महालक्ष्मीच्या रेसचा जॅकपॉट खेळतात. दर वेळी माणशी २०० रुपये वर्गणी. घोडे निवडायचं काम यांचं. गेल्या हिवाळ्यात पाचपैकी चार घोडे बरोबर आले, दुसरं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून सगळे यांना ‘पंडित’ म्हणतात. आता जॅकपॉट कोणालाच न लागल्यामुळे मोठी रक्कम पुढच्या रविवारी आली आहे आणि माणशी ५,००० काढायचं ठरलंय, म्हणजे एकूण ७०,०००. बहुतेकांचे पैसे यांच्याकडे जमाही झालेत. कंत्राटावर असलेल्या २२ वर्षांच्या एका मुलाने आपला वाटा उसने घेऊन दिला. दोघे रात्रपाळीला आहेत, त्यांना निरोप पोचवलाय. घरी बायकोला सांगितलेलं नाही. चहाच्या टपरीवरचा ओळखीचा एक माणूस ‘माझ्याकडेच लावा, टॅक्स नाही’ म्हणतोय. त्यांचे प्रश्न असे : फेवरिट घ्यावेत की दुर्लक्षित घोडे? सगळे पैसे एकाच मोठ्या तिकिटात घालावेत का? आणि कोर्टानेच रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय, तर अभ्यास करून पैसे लावण्यात चूक काय? सोबत त्यांच्या वहीच्या एका पानाचा फोटो आहे. सहीच्या खाली एक ओळ : ‘नाही लागलं तर सोमवारी खात्यात कसा जाऊ?’

नमस्कार,

तुम्ही घोड्यांबद्दल विचारलंय, म्हणून आधी घोड्यांचंच बोलते. या विषयाला नाक मुरडणारी मी नाही. माझे मामा गिरणीत होते, लालबागच्या चाळीत राहायचे. शनिवारी रात्री चष्मा सापडला नाही की रेसबुक मला मोठ्याने वाचायला लावायचे. घोड्याचं नाव, वजन, जॉकी, मागच्या तीन धावा. मी सहावीत असेन. त्या वयात मला हँडिकॅप म्हणजे काय ते कळत होतं आणि चक्रवाढ व्याज कळत नव्हतं. त्यामुळे तुमच्या वहीचं पान बघून परकं वाटलं नाही. चौकटीची वही, पट्टीने आखलेले रकाने, बारीक अक्षर. मेहनत दिसते.

मोठ्या जॅकपॉटमध्ये बहुतेक जण पहिली चूक करतात ती घोड्यात नसते, तिकिटाच्या बांधणीत असते. लागोपाठ पाच रेसचे पाच विजेते ओळखायचे. प्रत्येक रेसमध्ये तुम्ही जितके घोडे घ्याल त्या आकड्यांचा गुणाकार म्हणजे तुमची कॉम्बिनेशन्स. हिशेबापुरते एका कॉम्बिनेशनला दहा रुपये धरू आणि कर तूर्त बाजूला ठेवू. प्रत्येक रेसला तीन घोडे घेतले तर २४३ कॉम्बिनेशन्स, २,४३० रुपये. चार घेतले तर १,०२४, म्हणजे १०,२४०. पाच घेतले तर ३,१२५, म्हणजे ३१,२५०. सहा घेतले तर ७,७७६, आणि तुमचे सत्तर हजार तिथेच संपून वर आणखी लागतील.

आता शक्यता बघा. माझे आकडे अंदाजाचे आहेत, पण वाजवी आहेत. समजा तुमच्या तीन घोड्यांत विजेता सापडण्याची शक्यता ६५ टक्के, चारांत ७५, पाचांत ८३, सहांत ८९. पाचही रेस एकत्र धरल्या की तीन-तीनच्या तिकिटाला साधारण नऊत एक संधी मिळते. चार-चारला चारात एक. पाच-पाचला पाचात दोन. आणि सहा-सहाला निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे अडीच हजारांवरून पाऊण लाखाच्या वर गेलात, पैसे बत्तीस पट झाले आणि संधी पाच पटसुद्धा वाढली नाही. त्यात सहा-सहाचं तिकीट लागलं तरी ते कोणत्या दिवशी लागेल? बहुतेकदा ज्या दिवशी ओळखीचे घोडे आले त्याच दिवशी. त्या दिवशी तिकीट शेकडो लोकांचं लागलेलं असतं, आणि वाट्याला येणारी रक्कम तुमच्या सत्तर हजारांपेक्षा कमी असू शकते. जॅकपॉट लागूनही तोटा झालेली माणसं मी पाहिली आहेत. सोमवारी त्यांना ते कोणाला समजावून सांगता येत नव्हतं.

म्हणून सगळीकडे सारखं पसरू नका. तुमच्या पानावर दोन, तीन, तीन, तीन, दोन असे घोडे आहेत, १०८ कॉम्बिनेशन्स. ही सवय सगळ्यांनाच असते, कारण प्रत्येक रेसमध्ये थोडी थोडी सोय ठेवली की मनाला बरं वाटतं. आता हे करून बघा. एकूण सतरा घोडे घ्यायचे आहेत असं समजा. तीन, तीन, तीन, चार, चार असे घेतले तर ४३२ कॉम्बिनेशन्स होतात. एक, दोन, तीन, पाच, सहा असे घेतले तर १८०. घोडे तेवढेच, पैसे निम्म्याहून कमी. जिथे तुम्हाला खरंच खात्री आहे तिथे एकच घोडा धरा, पंटर ज्याला बँकर म्हणतात तो. जिथे काहीच कळत नाही तिथे मोकळ्या हाताने घ्या. अभ्यासाचा उपयोग इथे आहे : कोणता घोडा येईल हे सांगण्यापेक्षा कोणत्या रेसबद्दल आपल्याला खरोखर काही माहीत आहे आणि कोणत्या रेसबद्दल नाही, हे ओळखण्यात.

ते ओळखायचं कसं? रेसच्या अटी वाचा. हँडिकॅप रेसमध्ये जास्त रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन, कमी रेटिंगच्यावर कमी. सगळे घोडे एकाच वेळी शेवटच्या खांबापाशी, म्हणजे विनिंग पोस्टपाशी, यावेत अशा बेताने हँडिकॅपरने वजनं वाटलेली असतात. त्याने त्याचं काम नीट केलं असेल तर त्या रेसमध्ये बँकर शोधणं म्हणजे त्याच्याशी पैज. डर्बीसारख्या क्लासिक रेसमध्ये रेटिंगप्रमाणे वजन वाटत नाहीत, तिथे चांगला घोडा आपलं चांगलेपण घेऊन धावतो. बँकर मिळालाच तर तसल्या रेसमध्ये मिळण्याची शक्यता जास्त. याच्या उलट मेडन, म्हणजे एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची रेस. त्यात चार-पाच घोडे पहिल्यांदाच धावणारे असले तर तुमची वही तिथे रिकामी आहे. तिथे सहा घ्या, सात घ्या.

मग दुर्लक्षित घोडा. टोटमध्ये, म्हणजे रेस भरवणाऱ्या क्लबच्या खिडकीवरच्या सामाईक खेळात, तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, शेजारच्या रांगेतल्या माणसाविरुद्ध खेळता. ही पद्धत १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने काढली आणि तिचं गणित आजही तेच आहे : सगळ्यांचे पैसे एका भांड्यात, त्यातून कर आणि कापायचं ते कापून उरलेले बरोबर आलेल्यांत वाटायचे. म्हणून नावाजलेल्या जॉकीचा घोडा बहुतेक वेळा असायला हवा त्यापेक्षा जास्त लोकांच्या तिकिटावर असतो. पाचही फेवरिट आले तर जॅकपॉट शेकड्यांत वाटला जातो. तुमच्या तिकिटावर एक-दोन ठिकाणी तरी असा घोडा हवा जो इतरांनी सोडला आणि तुम्ही कारणासाठी धरला. कारणासाठी, हे महत्त्वाचं. मागच्या रेसला तो सातवा आला असेल, पण तेव्हा १,००० मीटर होते आणि याला १,६०० लागतात. किंवा तेव्हा वजन चार किलो जास्त होतं. किंवा गेटमधून उशिरा सुटला. किंवा आता अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकी आहे आणि त्याच्या सवलतीने वजन उतरलंय. ‘नाव आवडलं’ आणि ‘आतली टीप आहे’ ही कारणं नव्हेत. आतली टीप कळवा-ठाण्यापर्यंत पोचली म्हणजे ती आत राहिलेली नाही.

सकाळच्या सरावाच्या वेळा तुम्ही फार मनावर घेता असं पानावरून दिसतं. तीन घोड्यांपुढे फक्त तेवढंच लिहिलंय. जरा सांभाळून. वर जॉकी होता की सराव देणारा मुलगा, घोड्याला दाबलं होतं की तो सहज धावला, बरोबर कोणता घोडा होता, हे कळल्याशिवाय त्या सेकंदांना अर्थ नाही. मामा म्हणायचे, सकाळी सगळेच पळतात.

आणि एक छोटी गोष्ट : तुमचा घोडा आयत्या वेळी रेसमधून काढला गेला तर त्या कॉम्बिनेशनचं काय होतं, हे खिडकीवर विचारून ठेवा. पैसे भरण्याआधी.

पुढे आलेल्या रकमेमुळे या वेळी जास्त लावावेत, हे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मुंबईच्या जॅकपॉटच्या निकालात ७० टक्के आणि ३० टक्के असे दोन आकडे छापून येतात : पहिला पाच बरोबर आलेल्यांचा, दुसरा चार आलेल्यांचा. पाच कोणाचेच आले नाहीत तर पहिला भाग पुढच्या दिवशी येतो. म्हणजे आधी हरलेल्यांचे पैसे भांड्यात आहेतच आणि तुम्ही आज घातलेल्यापेक्षा जास्त रकमेसाठी खेळता. जॅकपॉट खेळायला अक्कलहुशारीचं एखादं कारण असेलच तर ते हे. पण ते सगळ्या मुंबईला दिसतं. त्या रविवारी मोठाले ग्रुप, घोड्यांचे मालक, वर्षानुवर्षं हेच करणारी माणसं, सगळे त्याच खिडकीवर असतात. भांडं मोठं होतं, वाटेकरीही वाढतात.

त्यातून कर. सप्टेंबर २०२५ पासून रेसवरचा जीएसटी ४० टक्के झालाय आणि तो जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. जिंकलात तर बक्षिसावर ३० टक्के आयकर, वर अधिभार-उपकर लागतील ते. दहा हजारांच्या वरचं बक्षीस असेल तर तो कापूनच हातात पडतो. वर्षभरात हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक : तिकीट चौदा जणांचं असलं तरी बक्षीस घेणाऱ्याचं पॅन कार्ड एकच. कर तुमच्या नावावर कापला जाईल, उत्पन्न तुमच्या नावावर दिसेल आणि बाकीचे तेरा जण आपला वाटा मागायला तुमच्या टेबलापाशी येतील. वाटा करापूर्वीच्या रकमेचा की नंतरच्या? हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर जिंकल्याच्या दिवशी भांडण ठरलेलं.

टपरीवरच्या माणसाला नाही म्हणा, आणि ‘बघतो’ असं न म्हणता सरळ नाही म्हणा. रेसकोर्सच्या बाहेर असं पैसे घेणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, घेणाऱ्यालाही आणि लावणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. कायदा सोडा, तुमचा जॅकपॉट लागलाच तर तो माणूस इतकी रक्कम आणणार कुठून? दुसऱ्या दिवशी टपरीवर नसेल.

आता कोर्टाचं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, हे खरं. घोड्याची जात, तयारी, जॉकी, वजन यांचा अभ्यास करता येतो, हे मलाही मान्य आहे. वर तेच तर बोलत होते. पण त्या निकालाने रेस कायदेशीर ठरली. तुमचं कौशल्य किती आहे हे कोर्टाने सांगितलेलं नाही. ते तुमची वही सांगेल, आणि वही मी नीट बघितली.

पानावर लाल खुणा आहेत त्या फक्त आलेल्या घोड्यांवर. न आलेल्यांवर काही नाही. वर्गणी किती गेली, परत किती आली, असा रकानाच नाही. गेल्या हिवाळ्यातल्या त्या रविवारच्या चार खुणांभोवती तुम्ही गोल काढलाय. मी एक हिशेब करून बघितला. जगभरच्या रेसकोर्सवरचा जुना अनुभव असा की पहिला फेवरिट साधारण तीनांतून एकदा येतो. दुसरा आणि तिसरा त्याहून कमी वेळा. तुमच्यासारखंच १०८ कॉम्बिनेशनचं तिकीट घेऊन, काहीही अभ्यास न करता, फक्त वरचे दोन-तीन फेवरिट लिहीत गेलं, तरी पाचपैकी नेमके चार बरोबर येण्याची वेळ साधारण चार खेपांतून एकदा यायला हवी. तुम्ही तीन वर्षं खेळताय आणि पत्रात अशी एकच वेळ सांगितलीय. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण ‘पंडित’ या शब्दाचा तुम्हाला किती आनंद झालाय ते पत्रात दिसतं. पण पाच हजार माणशी त्या शब्दावर उभे आहेत, म्हणून सांगायला हवं. कदाचित मागच्या पानांवर आणखीही चार-चार असतील आणि तुम्ही सांगितले नसतील. मग उत्तम. आज रात्री बसून तीन वर्षांचा जमा-खर्च काढा : गेलेले, आलेले, तारीखवार. तो कागद ग्रुपसमोर ठेवा आणि मग विचारा, आता किती काढायचे?

हा झाला तुमच्या निवडीचा भाग. मला जास्त काळजी वाटते ती वर्गणीची.

तुम्ही लिहिलंय, ‘सगळ्यांनी आपखुशीने दिले’. तुम्ही त्या खात्याचे सुपरवायझर आहात. पाळी तुम्ही लावता, रजेच्या अर्जावर सही तुमची, कंत्राटी मुलाला पुढच्या महिन्यात ठेवायचं की नाही याबद्दल वरचे लोक तुम्हालाच विचारत असणार. असा माणूस ‘सगळे पाच-पाच हजार काढतायत’ म्हणाला तर बावीस वर्षांच्या पोराने नाही म्हणायचं कसं? गणपतीच्या वर्गणीलासुद्धा आपण कोण मागायला आलंय ते बघून आकडा सांगतो. दोनशे रुपये त्याने हसत दिले असतील, तेवढं सगळ्यांच्या बरोबरीने बसण्याचं मोल होतं. पाच हजारांसाठी त्याने कोणाकडून उसने घेतले, किती व्याजाने, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात नाही, म्हणून विचारते. रात्रपाळीच्या दोघांना ‘निरोप पोचवलाय’ हेही तसंच. निरोप म्हणजे संमती नव्हे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात ही भिशी आहे असं मला वाटतं. माणशी सारखी रक्कम, सगळे एकत्र, कोणी मागे राहायचं नाही. पण भिशीत प्रत्येकाचे पैसे कधीतरी परत येतातच, फक्त नंबर मागेपुढे होतो. इथे सगळ्यात शक्य असलेला निकाल हा की सत्तर हजार जातील. म्हणून भिशीचा नियम इथे लावू नका. सगळ्यांचा आकडा सारखा असण्याची काहीच गरज नाही.

मी असं सुचवेन. पैसे सगळ्यांना परत करा. हो, जमा झालेले सगळे. मग तुम्ही सोडून दुसऱ्या कोणीतरी, ज्याच्या हातात कोणाची पाळी नाही अशाने, बंद पाकिटात वर्गणी गोळा करावी. शंभर रुपयांचा एक हिस्सा, ज्याला जितके घ्यायचे तितके, शून्यसुद्धा चालेल. वरची मर्यादा माणशी पाच हिस्से. पाकिटात किती होते ते फक्त गोळा करणाऱ्याला माहीत. माझा अंदाज आहे, चार-पाच हजारांच्या आसपास जमतील. त्यात कर धरूनही वर सांगितलं तसं १८० कॉम्बिनेशनचं तिकीट बसतं, कदाचित थोडं मोठंही. सत्तर हजारांच्या तिकिटापेक्षा संधी कमी, हे लपवत नाही. पण ते हरलं तर सोमवारी खात्यात चहा नेहमीसारखाच होईल. तुमच्या सहीखालच्या ओळीचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे : ज्या रकमेमुळे हा प्रश्न पडतो ती रक्कम जास्त आहे. दोनशे रुपये हरलेल्या किती रविवारांनंतर तुम्ही सोमवारी कामावर गेलात, तेव्हा पाय अडखळले नाहीत.

‘आता मागे फिरलो तर इज्जत जाईल’ असं मनात येईल. सांगायचं एवढंच : ‘मी हिशेब केला, माणशी पाच हजार जास्त होतात, माझ्या निवडीवर मला एवढी खात्री नाही.’ तुमच्या हाताखालची माणसं हे ऐकून तुम्हाला कमी लेखणार नाहीत. दोघे-तिघे तर मनातून सुटकेचा श्वास टाकतील, तोंडावर काही म्हणणार नाहीत.

एक कागद करा. नावं, हिस्से, किती कॉम्बिनेशन्सचं तिकीट, बक्षिसाची वाटणी कर कापल्यानंतरच्या रकमेची हिश्शांच्या प्रमाणात, दुसरं बक्षीस मिळालं तर तेही त्याच प्रमाणात. मूळ तिकीट कोणाजवळ राहील ते लिहा. मिळालेले पैसे पुढच्या रविवारी परत लावायचे नाहीत, हेही आत्ताच लिहा. जिंकल्यावर हे कोणी लिहीत नाही. सगळ्यांच्या सह्या. जॅकपॉटची पहिली रेस सुटायच्या आधी तिकिटाचा फोटो ग्रुपवर. ‘मी दुसराच घोडा सांगितला होता’ हे वाक्य यामुळे जन्मालाच येत नाही. आणि घोडे एकट्याने निवडू नका. बँकर तुम्ही ठरवा, बाकी रेस दोघा-तिघांत वाटा. तुमच्या डोक्यावरचा भारही तेवढा कमी होईल.

घरचं राहिलं. तुम्ही लिहिता, ‘ओव्हरटाइमचे पैसे आहेत, घरखर्चाला हात लावलेला नाही, म्हणून सांगितलं नाही.’ मामांचेही नेहमी वरचेच पैसे असायचे. आमच्या मामीला रेसमधलं काही कळत नव्हतं. सोमवारी कपडे धुताना शर्टाच्या खिशातून तिकिटं निघायची, भिजून एकमेकांना चिकटलेली. ती एकेक सोडवून खिडकीच्या दांडीवर चिमट्याने वाळत घालायची, कारण ती हरलेली आहेत की जिंकलेली हे तिला माहीत नसायचं आणि विचारायची सोय नव्हती. मामा संध्याकाळी येऊन काही न बोलता ती काढून टाकायचे. रक्कम कधीच फार मोठी नव्हती. पण त्या दांडीकडे बघून मामीचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. तुमच्या बायकोला रविवारच्या आधी सांगा, रकमेसकट. ती रागावली तर रागावू द्या. तिने ‘किती गेले आजवर?’ विचारलं तर वहीत काढलेला तो जमा-खर्च दाखवा, खुणा सोडून आकडे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, गाडीच्या ग्रुपमध्ये असं काही चालत असेल आणि तुम्हाला पैसे द्यायचे नसतील, तर ‘मी यात नाही’ एवढं पुरे आहे. कारण द्यायची गरज नाही. आणि हरलेले परत मिळवायचे म्हणून पुढचा रविवार येत असेल, घरात खोटं बोलावं लागत असेल, उसने वाढत असतील, तर घोडे निवडण्याचा सल्ला आता कामाचा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. या गृहस्थांच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, म्हणून मी त्यांच्याशी घोड्यांबद्दल मोकळेपणाने बोलले.

तर पाकिटं, कागद, बँकर हे सगळं शनिवारपर्यंत आवरा. रविवारी ठाण्याहून गाडी पकडा, दादरला बदला, महालक्ष्मीला उतरा, पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, घोडे चालताना जवळून बघा. अंगावरची चकाकी आणि चाल यांतून कळतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. परतताना दादरला गाडी बदलण्याआधी घरी फोन करून निकाल सांगा, लागलं असो की नसो.

त्या कंत्राटी मुलाचे पाच हजार मात्र शनिवारपर्यंत ठेवू नका. उद्याच सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, एकट्याला गाठून परत द्या. आणि उसने कोणाकडून घेतले होते ते विचारा, म्हणजे ते तिथे पोचले की नाही हे तुम्हाला कळेल.